पकड

पहाटे तीनच्या सुमाराला शेजारच्या खोलीतून एका अनोळखी बाईचा आवाज ऐकू आला आणि मी अंथरुणात उठून बसले. आवाज शांत होता, वर्गात धडा समजावून सांगणाऱ्या बाईंसारखा, प्रत्येक शब्द सुटा. बाहेर श्रावणातला पाऊस पत्र्यावर वाजत होता, त्यामुळे मधलं काही निसटत होतं. पण एक गोष्ट स्पष्ट ऐकू आली. ती बाई वडापावाबद्दल सांगत होती. वडापाव आपण आडवा धरतो, तेव्हा कुठे मोठा घास घेता येतो, असं काहीसं. मला वाटलं, मी झोपेतच आहे. मग तेच पुन्हा आलं, मध्येच थांबलं, परत पहिल्यापासून सुरू झालं. आणि त्यावर माझ्या लेकीचा दबका आवाज, "थांब रे राजा, थांब. अजून मोठ्ठा आ कर."

पाच दिवसांची बाळंतीण अंधारात मोबाइल उशीला टेकवून बाळाला पाजायला शिकत होती. भिंतीच्या अलीकडे तिची आई जागी होती, आणि तिने आईला हाक मारली नव्हती.

ते मला लागलं.

या बाळंतपणाची तयारी मी मे महिन्यापासून करत होते. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा आणून ठेवले होते. जुन्या सुती साड्या धुऊन, उन्हात वाळवून त्यांची दुपटी आणि लंगोट शिवले होते. पावसात लंगोट वाळत नाहीत म्हणून शेगडी, कोळसे आणि वर पालथी घालायची बांबूची टोपली आणली. मालिशच्या मावशींना दोन महिने आधी सांगून ठेवलं. लेक सातव्या महिन्यात पुण्याहून कराडला आली तेव्हा माझी वही तयार होती, कुठल्या दिवशी बाळंतिणीला काय द्यायचं त्याची. त्या वहीत बाळाला अंगावर कसं घ्यायचं याची एक ओळ नव्हती. ते काय लिहायचं? ते येतंच, असं मी धरून चालले होते. माझ्या आईनेही तसंच धरलं असणार.

तिचं सिझर झालं. तिला ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणेपर्यंत बाळाला वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजून झालं होतं. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलं नाही, बाळ शांत झोपलंय यातच खूश होतो. आपल्याकडे आता बहुतेक बाळं दवाखान्यातच जन्मतात. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं हे प्रमाण 88.6 टक्के आलं. पण जन्मल्यावर पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं 41.8 टक्केच. हे आकडे मी नंतर वाचले. वाचताना डोळ्यांसमोर आला तो दवाखान्याचा व्हरांडा, स्टीलची वाटी आणि ती वाटी बघून समाधानाने मान हलवणारी मी.

चौथ्या दिवशी लेकीच्या छातीचा दगड झाला. हात लावू देईना. बाळ तोंड लावायचं, दोन-तीनदा चोखायचं, सटकायचं आणि रडून लाल व्हायचं. पाजायची वेळ झाली की तिच्या पायाची बोटं आखडायची, ते मला दिसत होतं. मी अळिवाची खीर ढवळत होते. ढवळता ढवळताच म्हणाले, "तुझं दूध पुरत नाही गं त्याला." भाजीत मीठ कमी आहे म्हणावं इतक्या सहज. तिने मान खाली घातली. संध्याकाळी मी ह्यांना औषधाच्या दुकानात पाठवून पावडरचा डबा आणवला आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिला. रात्री तीनला मी तो आवाज ऐकला.

सकाळी मी विचारलं, "रात्री कोण बोलत होतं?" तिने काही न बोलता फोन माझ्याकडे दिला. तो आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातला व्हिडिओ होता. संगणक शिकवायला सुरू झालेल्या त्या प्रकल्पात पुढे माता-बालकांच्या पोषणाचे धडेही आले. बालरोगतज्ज्ञ डॉ. रुपल दलाल यांचं त्यामागे मोठं काम आहे, आणि हे धडे मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत आहेत. मी चष्मा लावून बसले. मनात एक आढी होतीच, की मी एक मूल वाढवलंय, भावजयीची दोन बाळंतपणं निस्तरली आहेत, मला हा फोन काय सांगणार.

त्याने आधी माझे हातच दाखवले. म्हणजे माझ्यासारखे हात. बाळाचं डोकं मागून धरून छातीवर दाबू नये, असं त्यात होतं. मी चार दिवस तेच करत होते. लेक बाळाला जवळ घ्यायची आणि मी मागून डोकं पुढे रेटायचे, "घे, घे" म्हणत. डोकं रेटलं की बाळ मान मागे टाकतं आणि हनुवटी छातीपासून लांब जाते. त्याऐवजी तळहात मानेखाली हवा, अंगठा आणि बोटं कानांच्या मागे, बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं. दुसऱ्या हाताने स्तन धरायचा तो कात्रीसारखा दोन बोटांत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसाच धरायला शिकवलंय, बाळाचं नाक मोकळं राहावं म्हणून. पण ती बोटं स्तनाग्राच्या इतकी जवळ येतात, की बाळाच्या तोंडासाठी जागाच उरत नाही. अंगठा आणि बोटं स्तनाग्रापासून तीन बोटं लांब ठेवायची आणि स्तन बाळाच्या ओठांच्या रेषेत आडवा येईल असा हलका दाबायचा. इथे तो वडापाव येतो. मग घाई न करता थांबायचं. बाळाने जांभई दिल्यासारखं तोंड उघडलं, की आईने वाकायचं नाही, बाळाला छातीकडे आणायचं, आधी हनुवटी टेकवायची. नुसतं स्तनाग्र तोंडात गेलं तर ते चेपतं, चिरतं, आणि दूध येत नाही. भोवतालचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात गेला पाहिजे, कारण बाळ जीभ आणि जबड्याने दाबून दूध काढतं ते तिथून. या सगळ्याला व्हिडिओत पकड म्हणतात. साधा शब्द आहे. कुस्तीतला, पान्याचा, माझ्या ओळखीचा.

व्हिडिओ संपला तेव्हा मी लेकीकडे बघितलंच नाही. मला 1991 आठवत होतं.

त्या वर्षीच्या डिसेंबरात ही जन्मली, पाटणला, माझ्या माहेरी. थंडी इतकी, की आई शेगडी खाटेखालून हलू द्यायची नाही. ओव्याच्या धुरीचा वास केसांत बसलेला. आठव्या दिवशी मला चिरा पडल्या. पाजून झालं की दुपट्यावर दुधाबरोबर लाल ठिपके दिसायचे आणि मी ते घडीत लपवायचे. बाळ तासन्‌तास अंगावर असायचं, तरी रडायचं. बघायला येणाऱ्या बायका माझ्याकडे बघून आपसांत बोलायच्या. त्यातली एक म्हणाली, "पान्हा चोरतीय काय की." गोठ्यातल्या गाईबद्दल म्हणतात तसं. मी एकवीस दिवसांची बाळंतीण होते, आणि आज एकसष्टाव्या वर्षीसुद्धा तिच्या आवाजातला तो शेवटचा हेल मला ऐकू येतो.

पान्हा हा शब्द फार सुंदर आहे, आणि तितकाच क्रूर. माया दाटून आली की पान्हा फुटतो. वासरू हंबरलं की गाईला, लेकरू रडलं की आईला. यात खोटं काही नाही, आई निवांत असली की दूध सहज वाहतं आणि धास्तावली की अडतं, हे शरीरशास्त्रही सांगतं. पण आपण त्या शब्दातून उलटा हिशेब काढला. दूध येत नाही म्हणजे माया कमी. मग बाई गप्प बसते, कारण "मला जमत नाहीये" म्हणणं म्हणजे "मी आई नाही" म्हणण्यासारखंच. हिरकणी रात्री रायगडाचा कडा उतरून लेकराकडे गेली, ते आपण शाळेत शिकवतो, मीही तीस वर्षं शिकवलं. घरी पोचल्यावर खरचटलेल्या हातांनी तिने बाळाला कसं घेतलं, पाठ कशाला टेकवली, तिच्या शेजारी कोण बसलं होतं, याबद्दल कुणी काही सांगत नाही.

विसाव्या-एकविसाव्या दिवशी बाटली आली. डब्यावर गुटगुटीत, गोऱ्यापान बाळाचं चित्र होतं, त्यापुढे माझं बाळ मला अगदीच चिमुकलं वाटायचं. बाटलीने पोट भरलं की ती अंगावर कमी प्यायची, ती कमी प्यायली की दूध आणखी आटायचं. छाती रिकामी होत राहिली तरच दूध तयार होत राहतं, भरलेली राहिली तर शरीर हात आखडता घेतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चाळिसाव्या दिवसापर्यंत सगळं थांबलं. तीन महिन्यांनी मी शाळेत रुजू झाले तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बरंच झालं, बाटलीची सवय झालीय. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1989 मध्ये, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईत सायनच्या रुग्णालयात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. एका आईचं दूध काढून, साठवून दुसरीच्या अशक्त बाळाला पाजलं जात होतं. आणि मला, आपलं दूध हाताने वाटीत काढून आपल्याच बाळाला चमच्याने पाजता येतं, एवढंही ठाऊक नव्हतं.

तेव्हा माझं दूध खरंच कमी होतं का? की कुणी एकदा खाली वाकून बाळाचा ओठ बघितला असता तर पुरलं असतं? काही बायकांना खरंच कमी येतं, थायरॉईड असतं, कधी बाळालाच ओढायची ताकद नसते, अशा वेळी डॉक्टर वरचं दूध सांगतात आणि ते द्यावंच लागतं, त्यात कुणाचा दोष नसतो. मी त्यातली होते की नव्हते, हे आता कळायला मार्ग नाही. इतकी वर्षं "मला दूध नव्हतं" हे माझ्याबद्दलचं एक पक्कं वाक्य होतं, माझ्या उंचीसारखं. ते वाक्य त्या सकाळी हललं. बरं वाटलं का? वाटलं. आणि त्याहून जास्त रडू आलं.

शनिवारी जावई आले. लेकीने त्यांना आधीच लिंक पाठवली होती, त्यांनी बसमध्ये दोनदा बघून ठेवलं होतं. घरी आल्यावर त्यांनी तो व्हिडिओ बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला, मला पुन्हा नीट दिसावा म्हणून. पडद्यावर एका आईची उघडी छाती आणि बाळ. हे खुर्चीत पेपर वाचत होते. ते उठले, पेपर घेतला आणि गॅलरीत जाऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले. जावयांचा चेहरा उतरला. मलाही कसंतरी झालं, टीव्ही बंद करावा का, की असू द्यावा. या घरात पस्तीस वर्षांत आम्ही या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. लेक मात्र म्हणाली, "असू दे आई."

संध्याकाळी हे स्वतःची बिनहाताची लाकडी खुर्ची उचलून लेकीच्या खोलीत घेऊन गेले. "पाठ सरळ पाहिजे म्हणाली ना ती बाई," एवढंच बोलले. गॅलरीत उभं राहून सगळं ऐकलं होतं त्यांनी. पावसात, पेपरची एकच बाजू समोर धरून.

त्या रात्रीपासून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी कुठलाही व्हिडिओ आईला एकटीला देऊ शकत नाही. पाजताना आईला बाळाचा वरचा ओठ दिसतो, नाक दिसतं, डोळे दिसतात. खालचा ओठ तिला दिसतच नाही. आणि सगळं तर त्या खालच्या ओठावर आहे, तो बाहेर वळलाय की आत दुमडलाय, हनुवटी रुतलीय की अधांतरी आहे. ते बघायला बाजूला कुणीतरी बसावं लागतं, मान वाकडी करून. जावई जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि टॉर्च बोटाआड धरून सांगायचे, "ओठ आत गेलाय." मग ती करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी ते पुण्याला गेले, मग ती जागा माझी. गुडघे दुखतात, पण बसले. मी त्या पाजण्याकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितलं. जबडा कानापर्यंत हलतो. दोन-तीनदा चोखल्यावर एक बारीकसा "क्‌" असा आवाज येतो, गिळल्याचा. तो आवाज 1991 मध्ये मी ऐकला होता का, ते मी आठवून आठवून थकले.

सातव्या दिवशी पहाटे त्याची पकड बसली, आणि लेकीच्या पायाची बोटं सैल झाली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. एका बाजूला गाठ राहिली होती, गरम पाण्याच्या फडक्याने शेकून, हाताने थोडं दूध काढून ती मऊ करावी लागली. एका रात्री तिने फोन गादीवर आपटला आणि म्हणाली, "त्या बाईला सांग, माझं बाळ बाहुलीसारखं पडून राहत नाही." तेव्हा मी फोन बंद केला, तिचे पाय चोळले आणि गरम दूध-हळद दिली. त्या आवाजाला ती जेवली का ते विचारता येत नाही, पाठीमागे दुसरी उशी सरकवता येत नाही. पण एक आहे, तो दहाव्यांदा सांगताना वैतागत नाही. त्याला जुनं काही आठवत नाही. माझ्या सांगण्यात माझी आई असते, पाटणच्या त्या बायका असतात, माझी हार असते. आणि मी चुकले ते मला त्याने सांगितलं, लेकीने नाही, यामुळे आम्हा दोघींचं काहीतरी वाचलं.

तो पावडरचा डबा नंतर लेकीला सापडला. चहापूड घेताना. तिने तो वळवून वाचला. डब्यावर आता बाळाचं चित्र नाही. 1992 च्या कायद्याने ते काढायला लावलं, 2003 मध्ये कायदा आणखी कडक झाला. उलट, आईचं दूधच बाळासाठी सर्वोत्तम, हे त्याच डब्यावर छापावं लागतं. ते वाक्य तिने मोठ्याने वाचलं नाही, माझ्याकडे फक्त बघितलं. मी म्हणाले, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "तू मला याच्यावरच वाढवलंस ना? मग? मी काय वाईट झाले?" आणि डबा होता तिथेच ठेवून चहा टाकला. दोघीही काही वेळ उकळीकडे बघत राहिलो.

दूध पुरतंय की नाही हे कसं ओळखायचं, यावरही त्या धड्यांमध्ये होतं. पहिला आठवडा सरत आला की दिवसाला सहा-सात वेळा तरी लंगोट ओला झाला पाहिजे. हे ऐकलं आणि ह्यांनी गणतीचं काम आपणहून घेतलं. घरभर दोऱ्या, त्यावर लंगोट, टोपलीखाली वाफाळणारे लंगोट, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेन्सिलच्या उभ्या रेघा. आठ. नऊ. एका दिवशी अकरा. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात पाण्याच्या नोंदी ठेवल्या त्यांनी, त्याच मन लावून. बाळ जन्मलं तेव्हा 2 किलो 900 होतं, पाचव्या दिवशी 2 किलो 650. पंधराव्या दिवशी काट्यावर 2 किलो 980 भरलं, तर ह्यांनी ते पेनने लिहिलं आणि चौकट केली.

एका दुपारी घर झोपलं होतं. पाऊस थांबून ओल्या भिंतींचा वास येत होता. मी एक पंचा गुंडाळला, घडी घट्ट केली, ह्यांच्या त्या खुर्चीत बसले आणि आवाज बंद करून तो व्हिडिओ लावला. डाव्या बाजूला पाजायचं तर बाळ उजव्या हातावर. तळहात मानेखाली. हात चुकत होता. हात सारखा मागून डोक्याकडेच जात होता, त्याला चौतीस वर्षांपूर्वीचं तेवढंच येत होतं. मी तो खाली सरकवत राहिले. पाचव्या-सहाव्या वेळेला तो जागेवर राहिला. पंच्याला वजन नव्हतं, तरी मनगट भरून आलं.

मालिशच्या मावशी महिनाभर आल्या. शेवटच्या आठवड्यात एकदा बाळाच्या मांड्या दाबत म्हणाल्या, "काकू, हे चांगलं धरलंय की अंगाला. आमच्या सुनंला दूधच न्हाई. म्हयन्याचं बी न्हाई पोरगं, शेळीच्या दुधावर घातलंय." मी म्हणाले, "मावशी, एक बघता का?" त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते. म्हणून फोन मीच धरला, त्यांच्या डोळ्यांसमोर, थोडा लांब. ती बाई बोलू लागली. मावशींनी बाळावरचे हात थांबवले. वडापावाशी आल्यावर त्या पुढे वाकल्या, आणि काय धरायचं ते बघायला त्यांचा अंगठा आणि बोटं हवेतच आडवी झाली.

"मागं घ्या की जरा," म्हणाल्या. "पयल्यापासनं."